वाचकांचे प्रश्न : बेघर आणि व्यसनी बांधवांमधली सेवा

बेघर आणि व्यसनात अडकलेल्या माणसांमध्ये काम सुरू केलेल्या ख्रिस्ती मंडळ्यांची बरीच पत्रं आली आहेत. तळमळ सगळ्याच पत्रांत आहे आणि तिच्याशिवाय हे काम होतच नाही. पण शरीराचं साधं ज्ञान जोडीला नसेल, तर त्याच तळमळीत माणूस दगावू शकतो. म्हणून काही उत्तरं मुद्दाम सविस्तर दिली आहेत.

आमच्या रात्रनिवाऱ्यात रोज दारू पिणारे एक गृहस्थ येतात. एका संध्याकाळी प्रार्थनेत त्यांनी गुडघे टेकले आणि ‘आजपासून एक थेंबही नाही’ असं सगळ्यांसमोर सांगितलं. मध्यरात्री त्यांचे हात थरथरू लागले, अंथरूण घामानं भिजलं. आम्ही त्यांच्या उशाशी बसून प्रार्थना करत राहिलो. आणखी काय करायला हवं होतं?

त्याच रात्री त्यांना रुग्णालयात न्यायला हवं होतं. प्रार्थना गाडीत बसूनही करता येते.

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याच्या मेंदूला दारूची गुंगी गृहीत धरून चालायची सवय झालेली असते. दारू एकदम थांबली की मेंदू आवरेनासा होतो. शेवटच्या प्याल्यानंतर साधारण सहा ते आठ तासांत कंप, घाम, मळमळ आणि घबराट सुरू होते. सहा ते ४८ तासांच्या दरम्यान फिट येऊ शकते. काहींना भास होतात. सर्वांत घातक अवस्था त्यानंतर, बहुधा ४८ ते ९६ तासांत येते : माणूस भ्रमिष्ट होतो, ताप चढतो, नाडी धावते. उपचार मिळाले नाहीत तर यात जीव जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस बरा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका, धोक्याचा काळ अजून पुढे असतो.

म्हणून कोणीही ‘आजपासून सोडली’ म्हटलं की त्याला आधी चार गोष्टी विचारा. शेवटची कधी घेतली? सकाळी उठल्याउठल्या घ्यावी लागते का? पूर्वी सोडताना फिट आली होती का, भास झाले होते का? झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या चालू आहेत का? शेवटच्या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय दारू बंद करू देऊ नका. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच आहे. त्या एकदम बंद केल्या तरी फिट येऊ शकते.

रुग्णालय लांब आहे, सकाळपर्यंत सोय होणार नाही, अशी वेळ आली तर काय करायचं हे लिहिताना अवघड वाटतं, पण लिहायलाच हवं. डॉक्टर भेटेपर्यंत अशा माणसाला एकदम थांबायला सांगू नये. त्याला लागते तेवढीच दारू त्यानं घेत राहणं हे फिट येण्यापेक्षा कमी धोक्याचं असतं. विश्वासाला यानं काही कमीपणा येत नाही. निर्णय त्यानं आज घेतला आहे. तो अमलात आणायला दोन दिवस उशीर झाला तर चालेल.

निवाऱ्यात घडणाऱ्या दोन चुका इथेच सांगतो. कोणाच्या तरी उरलेल्या झोपेच्या गोळ्या ‘जरा शांत झोप लागेल’ म्हणून देऊ नका. पोटात दारू असेल तर त्या श्वास थांबवू शकतात. दुसरी चूक पोषणाची. दीर्घकाळ पिणाऱ्यांच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, फार कमी झालेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तोल जाणं, डोळ्यांची बुबुळं नीट न फिरणं, गोंधळून बोलणं यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा आणि थायमिनबद्दल विचारा.

प्रार्थनाघर आणि रुग्णालय यांतलं एकच निवडायचं, असा हा प्रश्न कधीच नव्हता. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या संघटनेचे एक संस्थापक बिल विल्सन १९३४च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या कॅल्व्हरी मिशनमध्ये गेले. थोड्याच दिवसांत, ११ डिसेंबरला, ते टाउन्स हॉस्पिटलमध्ये दाखल झाले आणि त्यानंतर त्यांनी दारूला स्पर्श केला नाही. मिशनमध्ये पेटलेली इच्छा रुग्णालयाच्या खाटेवर तग धरू शकली.

तोंडाला दारूचा वास येत असेल तर आम्ही निवाऱ्यात घेत नाही. नियम कडक असावा, असं समितीचं मत आहे. बरोबर आहे का?

कडक नियम हवाच, पण तो वागण्यासाठी असावा. मारामारी करणारा, इतरांना धमकावणारा, आत बाटली आणणारा बाहेर राहील. प्यालेला पण शांत असलेला आत येईल. दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. माणसाला ऊब वाटते, पण अंगातली उष्णता झपाट्यानं बाहेर पडते. थंडीच्या रात्री अशा माणसाला दारातून परत पाठवणं म्हणजे काय, हे समितीपुढे याच शब्दांत मांडा.

प्यालेल्या माणसाला पाठीवर झोपू देऊ नका. कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. सुरुवातीचे काही तास पंधरा-पंधरा मिनिटांनी श्वास पाहा. हाक मारून, हलवूनही तो जागा होत नसेल तर ती झोप नव्हे, रुग्णवाहिका बोलवा. डोक्याला खोक पडली आहे का, तेही चाचपून पाहा. मेंदूतला रक्तस्राव आणि मधुमेह्याची उतरलेली साखर, दोन्हींची लक्षणं बाहेरून अगदी नशेसारखी दिसतात.

जेवणाआधी अर्धा तास उपासना ठेवली आहे. बसेल त्यालाच जेवण. काही स्वयंसेवकांना हे खटकतं.

आम्हालाही खटकतं. एकोणिसाव्या शतकातल्या अनेक मिशनांत ही रीत होती आणि ती चालवणारी माणसं निष्ठावान होती. तरीही भुकेल्या माणसाकडून घेतलेला होकार हा होकार नसतो. तो बसतो, डोळे मिटतो, हवं ते म्हणतो. त्याच्या मनात सुवार्ता आणि ताट यांचा सौदा पक्का होतो आणि पुढे खरोखर बोलावंसं वाटलं तरी ‘हे बोललो तर काय मिळेल’ हा हिशेब मधे येतो. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात उघड्या, उपाशी भावाला ‘सुखानं जा, ऊब घ्या, तृप्त व्हा’ एवढंच सांगणाऱ्याला चांगलं खडसावलं आहे. तिथे अन्न आधी आहे आणि त्याला अट नाही.

जेवण आधी वाढा. उपासना त्यानंतर, शक्य तर दुसऱ्या खोलीत ठेवा आणि ‘ज्यांना यायचं त्यांनी या’ असं एकदाच सांगा. सुरुवातीला आत येणारे कमी होतील, त्यानं खचू नका. जे येतील ते स्वतःच्या पायांनी आलेले असतील.

कित्येक दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेला माणूस आला तर त्याला पोटभर वाढू नका. उपासमारीनंतर एकदम भरपूर खाल्लं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम कोसळतं आणि हृदय दगा देऊ शकतं. थोडं थोडं, वरचेवर द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आमच्या केंद्रात दाखल व्हायचं तर हेरॉइनसारख्या नशेवर डॉक्टर देतात ती मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं बंद करावी लागतात. ‘एक नशा सोडून दुसरी कशाला’ असं आमचे पाळक म्हणतात. एका तरुणाची आई विचारते, मुलाला पाठवू का?

औषध बंद करण्याची अट असेल तर पाठवू नका, असं त्या माउलीला सांगा. पाळकसाहेबांना आदरानं एवढंच सांगायचं आहे की नशेत माणूस पुढच्या डोससाठी धावत असतो. ठरलेल्या मात्रेत, डॉक्टरांच्या हातून घेतलेल्या या औषधांनी ती धाव थांबते. माणूस झोपतो, जेवतो, कामावर जातो, बायबल उघडून बसू शकतो. हेरॉइनसारख्या अफूवर्गीय नशेत ही औषधं चालू असेपर्यंत मृत्यूचा धोका बराच कमी होतो, हे अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. औषध तोडलं की तो धोका परत येतो. पौलाबरोबर ‘प्रिय वैद्य लूक’ होताच.

केंद्राची अडचण वेगळी असते : औषध चोरीला जाईल, विकलं जाईल. त्याला उपाय आहेत. कुलूपबंद पेटी, दोन किल्ल्या दोन कार्यकर्त्यांकडे, वहीत तारीख-वेळ-मात्रा आणि दोघांच्या सह्या, गोळी जिभेखाली पूर्ण विरघळेपर्यंत समोर बसणं. ब्युप्रेनॉर्फिनची पहिली मात्रा मात्र केंद्रात कोणी आपल्या मनानं देऊ नये. अंगात हेरॉइन ताजं असताना ती दिली तर नशा तुटल्याचा तडफडवणारा त्रास एका झटक्यात उसळतो आणि माणूस त्या औषधाचं नावही पुन्हा काढत नाही. नशा आपोआप उतरून त्रासाची लक्षणं नीट दिसू लागेपर्यंत, साधारण १२ ते २४ तास, थांबावं लागतं आणि ते डॉक्टरच ठरवतात.

संडासात एक जण निळा पडलेला सापडला तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं? आमच्याकडे कोणीही वैद्यकीय क्षेत्रातलं नाही.

त्यासाठी वैद्यकीय शिक्षण लागत नाही, सराव लागतो. नाव घेऊन ओरडा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीच्या पेरांनी जोरात घासा. प्रतिसाद नाही, श्वास अगदी मंद किंवा घरघरता, ओठ निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या : हा अफूवर्गीय पदार्थांचा ओव्हरडोस समजा. एकानं रुग्णवाहिकेला फोन करायचा. दुसऱ्यानं नॅलोक्सोनचा, म्हणजे या नशेवरच्या उताऱ्याचा, एक फवारा एका नाकपुडीत मारायचा, डोकं मागे झुकवायचं, नाक चिमटीत धरून दर पाच सेकंदांना एक श्वास द्यायचा. श्वास देताना छाती वर उचलली जाते का ते पाहा. दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा फवारा. नाडीही लागत नसेल तर छाती दाबणं सुरू करा.

शुद्धीवर आल्यावर तो चिडेल, ‘मला जाऊ द्या’ म्हणेल. जाऊ देऊ नका, निदान मनधरणी करा. नॅलोक्सोनचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, नशा मात्र त्याहून जास्त वेळ टिकू शकते. तो दारापलीकडे जाऊन पुन्हा कोसळतो तो असा. थंड पाणी ओतणं, उभं करून चालवणं, मीठपाणी पाजून ओकवणं यांनी काही साधत नाही आणि मोलाची मिनिटं मात्र जातात. नशा कशाची आहे ते कळत नसेल तरी नॅलोक्सोन द्या. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांवर त्याचा उपयोग नाही, पण अपायही नाही.

संडासाची दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी करा आणि कडी बाहेरूनही काढता येईल अशी बसवा. आत उघडणाऱ्या दाराला टेकून कोसळलेला माणूस असला की दार ढकलता येत नाही, आणि हे सुताराच्या अर्ध्या दिवसाचं काम आहे.

पुण्यगुरुवारी, येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याच्या स्मरणार्थ, बेघर बांधवांचे पाय धुण्याचा कार्यक्रम ठरला आहे. काय काळजी घ्यावी?

कार्यक्रम एका दिवसाचा ठेवू नका, दर आठवड्याचा करा. रस्त्यावर राहणाऱ्याचं सगळं आयुष्य पायांवर चालतं आणि पायच सर्वांत आधी बिघडतात.

आधी विचारा. बार्तीमय आंधळा आहे हे सगळ्यांना दिसत होतं, तरी येशूनं त्याला ‘मी तुझ्यासाठी काय करावं?’ असं विचारलं. काहींना पायांची लाज वाटते, काहींच्या पायांवर सुयांच्या जखमा असतात. आडोसा करा, कॅमेरा बाहेर ठेवा.

पाणी कोमट, कोपर बुडवून पाहिलेलं. मधुमेह्याच्या पायांची संवेदना गेलेली असू शकते, मग पाणी पोळलं तरी त्याला कळत नाही, म्हणून ‘गरम आहे का’ या प्रश्नाच्या त्याच्या उत्तरावर विसंबू नका. त्याचे पाय भिजत ठेवायचे नाहीत, धुऊन लगेच पुसायचे आणि नखं तुम्ही कापायची नाहीत. इतरांना पाच ते दहा मिनिटं पुरेत. मोजा जखमेला चिकटलेला असेल तर ओढू नका. सलाइनच्या पाण्यानं तो भिजवा, सुटायला वेळ द्या आणि कडेनं हळूहळू सोडवा. मग मऊ साबण, स्वच्छ पाणी आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बोटांच्या बेचक्या एकेक करून कोरड्या करणं, टॉवेल घासत नव्हे, टिपत. बुरशी तिथेच धरते. मलम टाचेला आणि तळव्याला लावा, बेचक्यांत नको.

कित्येक दिवस ओल्या बुटांत राहून पांढरे, सुरकुतलेले, बधिर झालेले पाय दिसले तर चोळायचं नाही आणि शेकायचंही नाही. कोरडे करून उंचावर ठेवा, सावकाश ऊब येऊ द्या आणि डॉक्टरांना दाखवा. काळा पडलेला भाग, वर चढणारी लाल रेघ, दुर्गंधी किंवा ताप असेल तर त्याच दिवशी रुग्णालय.

प्रत्येकाला नवे हातमोजे, प्रत्येकानंतर घमेलं साबणानं धुऊन जंतुनाशकानं पुसलेलं. निघताना मोज्यांचे दोन जोड द्या. एक पायात असताना दुसरा वाळतो.

प्रभुभोजनात द्राक्षारस घेतल्यानं दारू सोडलेल्याला खरंच त्रास होतो का?

होऊ शकतो. काहींना नुसता वास पुरतो. शिवाय दारू सुटावी म्हणून दिलं जाणारं डायसल्फिराम हे औषध घेणाऱ्याला घोटभर वाइननंही चेहरा लाल होणं, धडधड, उलट्या सुरू होतात, आणि शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. वाइनमध्ये बुडवलेली भाकर हा उपाय नव्हे. ‘अल्कोहोलविरहित’ असं लिहिलेल्या काही वाइनमध्येही ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं. साधा, न आंबलेला द्राक्षांचा रस वापरा, आणि तो सगळ्यांसाठीच वापरा, म्हणजे कोणाला वेगळा पेला उचलून स्वतःची ओळख सांगावी लागणार नाही. ही वाट जुनी आहे. थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्यानं १८६९ मध्ये द्राक्षांचा रस पाश्चराइझ केला तो प्रभुभोजनासाठीच. तुमच्या पंथाच्या नियमांत वाइन अनिवार्य असेल, तर फक्त भाकर घेऊन परतण्याची मुभा सर्वांना जाहीरपणे द्या.

दाराशी ठेवलेली सॅनिटायझरची बाटली मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. त्यात ६० ते ७० टक्के अल्कोहोल असतं आणि ती पिणारे असतात. भिंतीला कुलूपबंद डबा बसवा किंवा साबण-पाणी ठेवा.

आमच्याकडे सुधारलेल्या एका बांधवाची साक्ष फार प्रभावी होते. देणगीदारांच्या सभेत त्याला उभं करावं का? त्याला तीन महिने झाले आहेत.

थांबा. पहिले काही महिने घसरण्याचे असतात. हजार डोळ्यांसमोर ‘मी सुटलो’ असं सांगितलेला माणूस घसरला की तो आधी तुमच्यापासून लपतो, कारण त्यानं आता तुमचंही तोंड काळं केलं असं त्याला वाटतं. मदतीची गरज असते तेव्हाच तो नाहीसा होतो. शिवाय जुनी जखम माइकवर उघडल्यानंतरची रात्र फार वाईट जाते. साक्ष त्याची आहे, संस्थेच्या अहवालाची नाही. वर्षभर तरी जाऊ द्या, नकार देण्याची पूर्ण मोकळीक द्या, आणि बोललाच तर त्या रात्री त्याच्याजवळ कोण असेल ते आधी ठरवा.

आठ महिने राहिलेला मुलगा सुट्टीत पिऊन आला. नियमाप्रमाणे काढून टाकलं. आता परत घ्या म्हणतो. घेतलं तर बाकीच्यांना काय संदेश जाईल?

दार उघडं आहे, हाच संदेश जाईल आणि तो बाकीच्यांनाही हवाच असतो, कारण त्यांच्यातले बरेच जण कधी ना कधी घसरतील.

प्यायलेल्या अवस्थेत त्याला इतरांच्या खोलीत ठेवता येत नाही, हे खरं. त्यासाठी एक वेगळी खाट कायम राखून ठेवा. ती रात्र तिथे, दुसऱ्या दिवशी शुद्धीत बोलणं. अफूवर्गीय नशा असेल तर रस्त्यावर काढणं विशेष घातक आहे. काही महिने सोडल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि जुनी मात्रा घेतली की माणूस जागच्या जागी संपतो. तुरुंग, रुग्णालय किंवा केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले दोन आठवडे म्हणूनच सर्वांत वाईट.

बोलताना ‘का प्यायलास’ विचारू नका, त्याला फक्त पश्चात्तापाचं भाषण मिळतं. ‘आदल्या दोन दिवसांत काय काय झालं’ हे तासातासानं विचारा. पहिल्यांदाच हातात आलेला पगार, जुना मित्र, कोणाची तरी पुण्यतिथी, झोप नसणं, आणि कितीदा तरी दाताचं न सांगितलेलं दुखणं : कारण तिथे सापडतं. दाताचं असेल तर दंतवैद्याकडे न्या. आठ महिन्यांचा हिशेब पुसून त्याला पुन्हा पहिल्या दिवसावर बसवू नका, तो जे शिकला ते कुठे गेलेलं नाही.

या केंद्रातून पुढे तो कुठे राहणार, हेही आजच विचारा. कार्यक्रम पूर्ण करून प्रमाणपत्रासह फुटपाथवर परतणारे थोडे नाहीत. आधी सुधारा मग घर, ही आपल्या मिशनांची जुनी रीत. न्यूयॉर्कमध्ये १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘हाउसिंग फर्स्ट’ पद्धतीनं ती उलटी केली : आधी कायमचं घर, उपचार सोबतीला, आणि घर टिकवायला सोबरपणाची अट नाही. फिनलंडनं २००८ पासून हे राष्ट्रीय धोरण म्हणून राबवलं आणि तिथली दीर्घकालीन बेघरी खरोखर घटली. प्रत्येक मंडळीला घरं बांधता येणार नाहीत. पण भाडेकरार, अनामत रक्कम, ओळखपत्राची कागदपत्रं आणि पहिल्या सहा महिन्यांत दर आठवड्याला दार ठोठावणारा एक माणूस एवढं बहुतेक मंडळ्यांना जमतं.

स्वयंसेविका म्हणून नवी आहे. लोक पैसे मागतात, फोन नंबर मागतात. नाही म्हणताना अपराधी वाटतं.

ताई, नंबर संस्थेचा द्या, स्वतःचा नको. रोख रक्कम देऊ नका, पण प्रवासाचं तिकीट, औषध, चष्मा यांसाठी समितीकडून छोटी रक्कम मंजूर करून घ्या आणि सोबत जाऊन वस्तू घेऊन द्या. एकटीनं फेरीला जाऊ नका, नेहमी दोघं. पडलेली सुई हातानं उचलायची नाही, टोपण लावायचं नाही. चिमट्यानं उचलून जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकायची आणि डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा. टोचलीच तर जखम दाबत किंवा चोखत बसू नका, वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा आणि थेट रुग्णालयात जा. एचआयव्हीचा प्रतिबंधक औषधोपचार ७२ तासांच्या आत सुरू व्हावा लागतो, आणि पहिल्या काही तासांत झाला तर उत्तम. हेपॅटायटिस-बीची लस तर काम सुरू करण्याआधीच घ्या.